जर्मनच्या नावेला तांब्याचे टाके

हिलाल तांबटाला जर्मनचा भारी राग. जर्मन म्हणजे त्या देशातली माणसं नव्हेत, ती बिचारी त्यानं कधी पाहिलीही नव्हती. आमच्या खानदेशात अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. हे नाव कोणी पाडलं देव जाणे, पण पाडलं आणि ते चिकटलं. तर ही जर्मनची पातेली बाजारात आली आणि तापीकाठच्या प्रकाशा गावात, घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत, हिलालचं दुकान ओस पडायला लागलं. बायका घरातली तांब्याची घागर मोडीत घालायच्या आणि हलकीफुलकी जर्मनची कळशी कमरेवर घेऊन मिरवायच्या. हिलाल दुकानाच्या ओट्यावरून त्यांना ऐकू जाईल असं बडबडायचा. म्हणायचा, हा काय धातू आहे? ह्याला वजन नाही, आवाज नाही, आणि मेला दातानं चावला तरी खूण उमटते.

बोलायला तो तिखट होता, पण हात सोन्याचा. त्याच्या बापानं ठोकलेला हंडा अजून शहाद्याच्या लग्नांत पाणी तापवतो. गिऱ्हाईक आलं की हिलालचं एक प्रवचन ठरलेलं असे. तांब्यापितळेची कल्हई गेली की त्यात ताक ठेवू नका, आमटी ठेवू नका, कळकतं, आंबटात धातू उतरतो. तांबं चांगलं, पण त्याची सोबत सगळ्यांना मानवत नाही. हे तो इतक्यांदा बोलला होता की शेजारपाजारच्या पोरांनाही पाठ झालं होतं. पुढे हेच वाक्य त्याला जन्मभर टोचणार होतं, पण तेव्हा त्याला त्याचं काय?

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात गावात एक ट्रक आला. खालच्या अंगाला कुठंतरी तापीवर मोठं धरण बांधायचं घाटत होतं आणि त्यासाठी नदीचं पाणी मोजणारी एक सरकारी कचेरी घाटाजवळ उघडली होती. ट्रकमधून त्या कचेरीची बोट उतरली आणि अर्धा गाव हातातलं काम टाकून बघायला गेला. अशी नाव कोणी जन्मात पाहिली नव्हती. चांदीसारखी चकाकणारी, बाजूनं लाल पट्टा, पुढं काच, आत मोटारीसारखं चाक, आणि मागच्या दोन्ही अंगांना माशाचे पर असावेत तसे उचललेले पत्रे. ओव्हरसियर दिलवरसिंग गिरासे सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. कोण्या संस्थानिकानं आपल्या तलावात फिरायला विलायतेहून मागवलेली ही हौसेची बोट, संस्थान गेलं तशी सरकारजमा झाली, आणि फिरत फिरत इथं आली.

हिलालनं बोटीच्या अंगावर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "जर्मन शे," तो म्हणाला.

"जर्मनच," दिलवरसिंग हसले. "पण विमानातलं." मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मोठ्या लढाईत तिकडं विमानांचे कारखाने रात्रंदिवस चालायचे. लढाई थांबली, विमानं कोणाला नको झाली, पत्र्यांच्या थप्प्या पडून राहिल्या आणि कारागीर बसून. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की ह्या पत्र्याच्या नावा करू. ज्या हातांनी विमानाचे पंख रिबिटांनी, म्हणजे ठोकून चपट्या केलेल्या खिळ्यांनी, जोडले त्याच हातांनी ह्या बोटी जोडल्या. लाकडाच्या नावेसारखं सडणं नाही, दरसाल डांबर भरणं नाही, दोघांनी उचलावी इतकी हलकी आणि पाण्यावर वाऱ्यासारखी पळणारी. बघता बघता तिकडच्या शौकिनांत तिचं वेड पसरलं. हिलाल ऐकत होता. मनातून त्याला बोटीचं काम आवडलं होतं. रिबिटांची ओळ कुठं वाकडी नव्हती, एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. पण ते तोंडानं कबूल करील तर तो हिलाल कसला.

बोट हाकायला कचेरीनं सुकराम भोयाला ठेवलं. सुकराम हिलालचा लहानपणापासूनचा सोबती. एक नदीत वाढला, एक भट्टीपाशी, पण संध्याकाळची चिलीम दोघांची एक. सुकरामसारखा नावाडी प्रकाशात दुसरा नव्हता. तापी दरवर्षी वाळू हलवते, पात्र बदलते, पण पुढच्या वर्षी कुठं खोल आणि कुठं उथळ हे ह्याला पाय भिजवल्याबरोबर कळायचं. भोईवाड्यात एक रीत होती. पोरगा नाव हाकायला लायक झाला की जाणती माणसं त्याला बांबू देत. आणि ज्याच्या चुकीनं माणसांची नाव बुडाली, त्यानं आपला बांबू आपल्या हातानं नदीला परत सोडायचा आणि पुन्हा कधी माणसं न्यायची नाहीत. कोणी जबरदस्ती करत नसे. ज्यानं त्यानं स्वतःच ठरवायचं. सुकरामच्या बापानं, आज्यानं मरेपर्यंत बांबू धरला होता.

बोटीवर बसून सुकराम इंजिन चालू करी तेव्हा काठावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहत. दिलवरसिंगांनी पाण्याचा वेग मोजायचं यंत्र पाण्यात सोडायचं आणि सुकरामनं बोट धारेत स्थिर धरायची, असं काम. हिलाल दुकानातून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "चालना मन्हा राजा."

साठच्या उन्हाळ्यात बोट वाळूवर घासून घासून बुडाच्या रिबिटांची एक ओळ सैल झाली. पाणी झिरपू लागलं. दिलवरसिंगांनी मुंबईहून जर्मनच्याच रिबिटांची एक डबी मागवली आणि सुकराम बोट बैलगाडीत घालून हिलालच्या दारात घेऊन आला.

"मुंबईचा कारागीर नको बोलावू म्हटलं साहेबाला," सुकराम म्हणाला. "आमचा हिलाल शे म्हटलं."

हिलालची छाती फुगली. त्यानं डबी उघडली, एक रिबीट दाताखाली धरली. खूण उमटली. ह्याच्या भरवशावर सुकराम पुरात जाणार? तापीचा पूर म्हणजे झाडं मुळासकट वाहून येतात. हिलालला त्या डबीची किळसच आली. त्यानं ती कोनाड्यात ठेवली आणि बापाच्या वेळची उत्तम तांब्याची सळई काढली. तिच्या रिबिटा त्यानं स्वतः घडवल्या. जुन्या सैल रिबिटा काढून तिथं तांब्याच्या ठोकल्या, आणि उघडं तांबं दिसू नये, खराबही होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर कल्हई चढवली. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. दिलवरसिंग बघायला आले, हात फिरवला आणि शाबास म्हणाले. डबीतल्या रिबिटा वापरल्या का, हे त्यांनी विचारलं नाही आणि ह्यानंही सांगितलं नाही. लबाडी त्याच्या मनात नव्हती हो. दोस्ताला आपण साहेबापेक्षा चांगलं देतोय असंच त्याला वाटलं होतं. त्या आनंदात त्यानं भिकूबाईला, म्हणजे बायकोला, गोड करायला सांगितलं.

बोट पुढच्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत थेंबभर गळली नाही.

एकसष्टच्या श्रावणात तापी दोन्ही काठ धरून वाहत होती. दुपारी दिलवरसिंग आणि सुकराम मोजणीला धारेच्या मध्यावर गेले. घाटावरच्या लोकांनी पाहिलं ते एवढंच की बोट एकदम पुढून वाकली, आणि पाहता पाहता पाण्याखाली गेली. दिलवरसिंगांना पोहता येत नव्हतं. सुकरामनं त्यांना सदऱ्याला धरून ओढत पार खालच्या मळ्याच्या काठाला लावलं. दोघे वाचले. यंत्र गेलं, बोट गेली.

सुकराम त्या संध्याकाळी हिलालच्या ओट्यावर ओल्या अंगानं बसला होता. "तठे दगड नही शे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी तापीना तळ ओळखस. बोट खालून उघडी गयी, हिलाल. आपोआप." हिलालनं त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि त्याच्या मताला दुजोरा दिला. तेव्हा त्याच्या मनाला शंका शिवलीही नव्हती. उलट साहेबानं काही आळ घेतला तर आपण उभे राहू, असं त्यानं बोलूनही दाखवलं.

दिवाळीनंतर पाणी ओसरलं आणि वाळूत रुतलेली बोट दिसली. बैल लावून ती घाटावर ओढली. चौकशीला मोठे साहेब आले होते. सुकरामचं म्हणणं होतं, दगड नव्हता. साहेबांचं म्हणणं होतं, दगडाशिवाय बोट कशी फुटते? दिलवरसिंग म्हणाले, इथं धातूतलं कळणारा माणूस एकच आहे, त्याला दाखवू. हिलालला बोलावणं आलं. बोट उलटी करायला गडी लावले आणि जेवायची वेळ झाली म्हणून सगळे कचेरीच्या पडवीत गेले. बोटीपाशी हिलाल एकटा राहिला.

त्यानं बुडाची ती ओळ पाहिली आणि जवळ वाकून पुन्हा पाहिली.

विमानवाल्यांच्या रिबिटा जागच्या जागी होत्या. त्याच्या तांब्याच्या रिबिटाही शाबूत होत्या. वाळूनं कल्हई घासून गेली होती आणि तांबं लाल चमकत होतं. पण प्रत्येक तांब्याच्या रिबिटीभोवती जर्मनचा पत्रा खाल्ला गेला होता. भोवती पांढरी भुकटी, विरलेल्या चुन्यासारखी. त्यानं एका रिबिटीला नख लावलं तर ती हातातच आली. दुसरीही आली. पाण्यात भिजत राहिलेल्या तांब्यानं शेजारचा पत्रा कुरतडून संपवला होता. कळकतं, कळकतं म्हणून जगाला सांगणारा तो, आणि त्याला ते इथं सुचलं नाही. दुकानातल्या कोनाड्यात ती डबी तशीच पडलेली आहे हे त्याला आठवलं, आणि दिलवरसिंग त्या दिवशी बुडून मेले असते, सुकराम मेला असता, हेही.

आता खरं सांगायचं की नाही? सांगायचं तर सरकारी कामात दिलेला माल न वापरता आपला वापरला, वर कल्हई चढवून झाकला असं दिसणार. कोर्ट, कचेरी, बापाच्या नावाला काळिमा. हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं. आणि त्याच्या हातानं जे केलं ते डोक्याला विचारून केलं की नाही, हे त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही. त्यानं तांब्याच्या सगळ्या रिबिटा उपसून कनवटीला बांधल्या, पांढरी भुकटी झाडली, आणि बरोबर आणलेली मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन बाहेरच्या अंगानं त्या ओळीवर पोच पाडला. पोच पाडणं आणि काढणं हेच तर त्याचं रोजचं काम. एखाद्या गोल दगडावर बोट जोरात आदळावी, पत्रा आत जावा आणि रिबिटांची ओळ फाटत जावी, हुबेहूब तसं. पडवीत जेवणाऱ्यांना ठोकण्याचा आवाज ऐकू गेलाच असेल. पण तांबट ठोकतोय ह्यात कोणाला काय नवल वाटणार? कोणी मान वळवून पाहिलंही नाही.

साहेब आले. हिलाल म्हणाला, "दगड शे, साहेब." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

सुकराम पुढे झाला. तो आतापर्यंत नाही नाही म्हणत होता. तो बोटीपाशी गुडघ्यावर बसला, त्या पोचात त्यानं तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच राहिला. मग हिलालकडं बघून त्यानं विचारलं, "खरंच का रे भो?" हिलालनं हो म्हणून मान हलवली. सगळ्या आयुष्यात हिलालनं केलेलं सगळ्यात वाईट काम तेच. पोच पाडणं नव्हे, ती मान हलवणं.

"मंग दगडच शे," सुकराम म्हणाला. "माले दिसना नही."

नोकरी गेली त्याचं सुकरामला फारसं काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो घाटावर गेला आणि बापाकडून आलेला आपला बांबू त्यानं तापीत सोडून दिला. त्याची बायको रेवाबाई काठावर रडत बसली होती. हिलाल घाटाच्या वरच्या पायरीवर उभा होता. बांबू वाहत वाहत पलीकडच्या वाळवंटाला लागेपर्यंत त्याला ओरडून सांगता आलं असतं. तो उभाच राहिला.

त्यानंतर सुकराम नदीपात्रातल्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावायचा, टोपली घेऊन बाजाराला जायचा. नावेत बसायचा नाही, पलीकडं जायचं तर पूल गाठायला लांबून चालत जायचा. आणि हळूहळू त्याला तो दगड आठवायला लागला. आधी म्हणायचा, असेल. मग म्हणायला लागला, पायाखाली काहीतरी लागल्यासारखं झालं होतं खरं. पुढे पुढे तर तो दगड केवढा होता, कोणत्या अंगाला होता, हेही चिलीम ओढता ओढता सांगायचा. हिलालला ते ऐकवत नसे आणि उठवतही नसे. बोट मोडीत निघाली तेव्हा बुडाचा तो तुकडा त्यानं मागून घेतला आणि घरातल्या माळ्यावर टाकला. कशाला, म्हणून भिकूबाईनं विचारलं तर खेकसला. सुकरामच्या घरी तो फुकट भांडी द्यायचा, रेवाबाईच्या आजारपणात चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला, लेकीच्या लग्नात हंडा-कळशी दिली. त्या बदल्यात सुकराम गावभर सांगायचा की सख्खा भाऊ करणार नाही इतकं हिलाल करतो. 

अडुसष्टच्या पुरानं भोईवाड्यातल्या नावा नेल्या. एकच मोठी उरली, आणि तिच्यावर बांबू धरायला खात्रीचा हात नाही. पात्र सगळं बदललेलं. जाणती माणसं सुकरामकडं गेली आणि बांबू घे म्हणाली. तो नको म्हणाला. मग ती हिलालकडं आली. तुमचं तो ऐकतो, तुम्ही समजवा.

हिलालनं त्यांना जा म्हटलं, येतो म्हटलं. मग माळ्यावरून तो पत्रा काढला, कोनाड्यातली डबी घेतली, आणि सुकरामच्या अंगणात जाऊन दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं. भोईवाड्यातली चार माणसं तिथं बसलेली होती. त्यांच्यादेखतच तो बोलला, घरात एकट्याला गाठायचं मनात आलं होतं ते त्यानं मुद्दाम टाळलं.

"दगड नव्हता," तो म्हणाला. "नाव बुडनी ती मन्हामुये. साहेबानं दिलेल्या रिबिटा ह्या. मी वापऱ्याच नहीत. तांब्याच्या ठोक्या, तांब्यानं पत्रा खाया. आणि हा पोच मी पाडा, माझ्या हातानं. तुन्ही काहीच चूक नही, सुकराम. बांबू घे."

सुकरामनं डबी हलवली. आत रिबिटा वाजल्या. "कामातून उरेल व्हतीन," तो म्हणाला. मग त्यानं पत्रा मांडीवर घेतला आणि त्या दिवशीसारखाच पोचात तळवा ठेवला. हिलालच्या हाताचं काम इतकं सफाईदार होतं की सात जन्म बघितलं तरी दगडच दिसला असता.

"मी पाडा म्हनस," सुकराम हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मन्हासाठे इतलं खोटं बोलाले येल शे का तू? स्वतःच्या बापाच्या नावाला बट्टा लावस? अरे, तो दगड माले लागना, मन्हा पायले. मी इसरसू का?"

"नाही लागला," हिलाल ओरडला. "तूच सांगे, तठे दगड नही, तूच."

"तव्हय मी भ्यायेल व्हतो."

हिलालनं शपथा घेतल्या. भिकूबाईची, पोरांची, तापीमायची. कनवटीच्या त्या रिबिटा असत्या तर दाखवल्या असत्या, पण त्या त्यानं तेव्हाच भट्टीत वितळवल्या होत्या. बसलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. त्यातला एक म्हातारा उठला आणि हिलालच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, बस कर बाबा, असा दोस्त आम्हाला मिळाला नाही. सुकरामनं वाकून हिलालच्या पायाला हात लावला. बांबू त्यानं घेतला नाही.

गावात ही गोष्ट पसरली, आणि हिलालची कीर्ती वाढली. पुराच्या मोजणीसाठी नव्या साहेबांना घेऊन आलेले दिलवरसिंगही दुकानात येऊन त्याला भेटून गेले. आता काचेचे धागे आणि राळ ओतून बोटी करतात म्हणाले, तिकडंही जर्मनच्या नावांना कोणी विचारत नाही. हिलालनं त्यांनाही सगळं सांगितलं. दिलवरसिंग समजुतीनं हसले आणि म्हणाले, हिलालभाऊ, चौकशी केव्हाच बंद झाली, आता कशाला.

त्या दिवाळीत रेवाबाई दुकानात आली. तिच्या हातात जर्मनचं एक पातेलं होतं, कानाची रिबीट निघालेलं.

"त्या म्हनतस, हिलालकडेच दे," सुकरामचा निरोप सांगत ती म्हणाली. "हिलालना टाका कधी सुटत नही."

हिलालनं पातेलं घेतलं. तांब्याच्या सळईकडं त्याचा हात गेला नाही. तो उठला, कोनाड्यातली डबी काढली, तिच्यातली जर्मनची एक रिबीट घेतली आणि ठोकायला बसला. रेवाबाई ओट्यावर टेकली होती, डांगरांचं सांगत होती. रिबीट मऊ होती, दोन ठोक्यांत बसली, आणि पक्की बसली.